ग्राउंडलिंग : एका पेनीचा प्रेक्षक

शेक्सपिअरच्या काळात लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात रंगमंचासमोरच्या उघड्या अंगणात एक पेनी देऊन उभ्याने नाटक पाहणारा, तो ‘ग्राउंडलिंग’. गॅलरीत बसायचं तर आणखी एक पेनी, वर उशी हवी असेल तर तिसरी. आधी हा शब्द पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या लहान माशांसाठी होता. प्रेक्षकासाठी तो प्रथम आढळतो १६००च्या सुमाराच्या ‘हॅम्लेट’मध्ये, खुद्द राजपुत्राच्या तोंडी. १९८९मध्ये जवळच्याच ‘रोझ’ नाट्यगृहाच्या उत्खननात अंगणाच्या जमिनीत राखेसोबत हेझलनटची टरफलं मिळाली. १९९७मध्ये नव्याने सुरू झालेल्या ग्लोबनेही उभ्याची स्वस्त जागा राखली आहे. ती राखायलाच हवी होती. नाटक सर्वांचं राहतं ते अशा तिकिटांमुळे.