सर्वांत मोठा वृक्ष

जगातील सर्वांत मोठा वृक्ष कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मोठा म्हणजे उंच, की विस्तीर्ण, की घेराने थोर? हावड्याजवळच्या वनस्पतिउद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाने हजारो पारंब्या भूमीत रोवून दीड हेक्टरहून अधिक जागा व्यापली आहे. त्याच्या मूळ खोडाला बुरशी लागल्यामुळे ते १९२५ साली कापून काढावे लागले. तरी वृक्ष जगला, एवढेच नव्हे तर पसरतच गेला. आता त्याचा बुंधा मोजायचा म्हटले, तर कोणता मोजणार? याउलट कॅलिफोर्नियातील हायपेरियन नावाचा रेडवुड वृक्ष ११५ मीटरांहून उंच आहे. परंतु उंचीच्या मानाने त्याची अंगलट सडपातळच म्हणावी लागेल.

कोणत्या वृक्षाच्या खोडात सर्वांत अधिक लाकूड साठले आहे, असे विचारले, तर मात्र निश्चित उत्तर देता येते. तो मान ‘जनरल शर्मन’ या वृक्षाचा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाची पर्वतराजी आहे. तिच्या उतारावर सिकोया जातीचे महावृक्ष वाढतात. त्यांपैकीच हा एक. १८७९ साली त्याला एका अमेरिकन सेनापतीचे नाव देण्यात आले.

वृक्षाचा घेर मोजणे हे त्यातल्या त्यात सोपे काम. बुंध्याभोवती फीत गुंडाळली की झाले! पण फीत कोठे धरावी? जमिनीलगत मुळांमुळे खोड फुगलेले असते. म्हणून आपल्या देशात आणि अमेरिकेतही जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारणपणे मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, घेर मोजण्याचा प्रघात आहे. सर्वांनी एकाच उंचीवर मोजले, तरच तुलनेला काही अर्थ राहतो.

उंची मोजण्यासाठी झाडावर चढलेच पाहिजे असे नाही. सपाट मैदानात एकटे उभे असलेले एखादे झाड निवडा. एक मीटर लांबीची काठी उन्हात सरळ उभी करा आणि तिची सावली मोजा. समजा, ती दीड मीटर भरली. त्याच वेळी झाडाची सावली अठरा मीटर भरली, तर झाडाची उंची बारा मीटर आहे, हे तुम्ही त्रैराशिकाने सहज काढू शकाल. दाट अरण्यात मात्र ही युक्ती चालत नाही. तेथे सावल्या एकमेकींत मिसळतात आणि जमीनही उताराची असते. अशा ठिकाणी दूर उभे राहून यंत्राने शेंड्याकडील कोन मोजतात, किंवा हल्ली लेसर किरणांचा उपयोग करतात. हायपेरियनसारख्या वृक्षाच्या बाबतीत तर संशोधक दोराच्या साहाय्याने थेट शेंड्यापर्यंत चढले आणि त्यांनी तेथून फीत खाली सोडली. एवढी खात्रीची रीत दुसरी नाही, पण तिला छातीही तशीच हवी!

आता शर्मनची गोष्ट. त्याच पर्वतात ‘जनरल ग्रँट’ नावाचा दुसरा महाकाय सिकोया आहे. या दोघांत मोठा कोण, हा वादाचा विषय झाला होता. जमिनीलगत ग्रँटचा घेर ३२.८ मीटर, तर शर्मनचा ३१.३ मीटर. केवळ फितीवर विश्वास ठेवला असता, तर ग्रँटच विजयी ठरला असता. परंतु १९३१ साली दोघांच्या खोडांचे घनफळ काढून तुलना करण्यात आली आणि निकाल शर्मनच्या बाजूने लागला. हे कसे झाले? शर्मनचे खोड वर जाताना फारच थोडे निमुळते होते. जमिनीपासून सुमारे १८ मीटर उंचीवर त्याचा व्यास ५.३ मीटर आहे, आणि ५५ मीटर उंचीवरही, म्हणजे जेथे बहुतेक झाडांचा शेंडाही पोचत नाही तेथे, तो ४.३ मीटर आहे.

घनफळ काढण्याची रीत अशी : खोडाचे एकावर एक रचलेले अनेक तुकडे आहेत अशी कल्पना करावयाची, प्रत्येक तुकड्याचा व्यास मोजावयाचा, प्रत्येकाचे घनफळ काढून सर्वांची बेरीज करावयाची. व्यास ५.३ मीटर असेल, तेथे केवळ एक मीटर उंचीच्या तुकड्यात सुमारे २२ घनमीटर लाकूड भरते. अशा बेरजेने शर्मनच्या खोडाचे घनफळ १,४८७ घनमीटर ठरले. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व चार मीटर उंच असे बारा वर्ग लाकडाने गच्च भरले, तरी थोडे उरेल! या हिशेबात फांद्या धरलेल्या नाहीत. म्हणूनच २००६ च्या जानेवारीत त्याची दोन मीटर जाडीची, तीस मीटरांहून लांब अशी फांदी कोसळली, तरी त्याचा क्रमांक ढळला नाही.

त्याचे वय मोजणे अधिक अवघड. खोडातील वार्षिक वलये मोजून झाडाचे वय कळते. त्यासाठी पोकळ गिरमिटाने लाकडाची पातळ कांडी काढतात. पण एवढ्या जाड खोडाच्या गाभ्यापर्यंत गिरमीट पोचणार कसे? पूर्वी तोडलेल्या सिकोयांच्या बुंध्यांवरील वलयांशी तुलना करून शास्त्रज्ञांनी त्याचे वय सुमारे २,२०० वर्षे मानले आहे. म्हणजे सम्राट अशोकानंतर थोड्याच काळाने हे रोप रुजले असावे.

सिकोयाची साल अतिशय जाड असते, त्यामुळे लहानसहान वणवे तो सहज सोसतो. इतकेच काय, आगीच्या उष्णतेने त्याची शंक्वाकृती फळे उमलतात व बी जमिनीवर पडते. पण २०२० आणि २०२१ या वर्षांतील वणवे विलक्षण भीषण होते. त्यांत हजारो मोठे सिकोया जळून गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये आग शर्मनच्या राईजवळ येऊन ठेपली, तेव्हा अग्निशामक दलाच्या जवानांनी त्याचा बुंधा अ‍ॅल्युमिनियमच्या उष्णतारोधक पत्र्याने गुंडाळला. वृक्ष वाचला.

आज त्याची उंची ८३.८ मीटर धरतात. त्याचा शेंडा वाळलेला असल्यामुळे ती आता वाढत नाही. खोडावर मात्र दरवर्षी लाकडाचे एक नवे वलय चढतच आहे. त्यामुळे वर दिलेला घनफळाचा आकडाही हळूहळू मागे पडत आहे.