ट्यूलिपच्या कंदाला थंडी कशाला हवी?

एक मोठा कांदा घ्या आणि शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरून पाहा. बुडाशी एक टणक चकती दिसेल. तेच कांद्याचे खोड. तिच्या खालच्या अंगाला मुळे फुटतात, तर वरच्या अंगाला मांसल पाने एकमेकांना लपेटून बसलेली असतात. ट्यूलिप, हायसिंथ व डॅफोडिल या वसंतात फुलणाऱ्या झाडांचे कंदही याच बांधणीचे असतात. पण ऑक्टोबरात लावणीसाठी आणलेला ट्यूलिपचा चांगला कंद असाच चिरला, तर त्याच्या गाभ्यात एक इवलेसे फूल आढळते. पाकळ्या, पुंकेसर, अंडाशय, सारे काही तयार!

हे फूल घडते उन्हाळ्यात. जमिनीतून काढलेला कंद कोरड्या जागी नुसता पडून आहे असे आपल्याला वाटते, नेमके तेव्हा. त्या वेळी त्याला १७ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. पुढे मात्र थंडी लागते, तीही थोडीथोडकी नव्हे. सुमारे ५ ते ९ अंशांत १२ ते १६ आठवडे! या काळात कंदातील पिष्टाची साखर होऊ लागते आणि फुलाच्या दांड्याला लांब वाढण्याची क्षमता येते. थंडी कमी पडली तर दांडा खुजा राहतो आणि कळी पानांतच सुकून जाते. मध्य आशियातील डोंगराळ प्रदेश हे ट्यूलिपचे मूळ घर. तेथे हिवाळ्यात मध्येच चार दिवस ऊन पडले म्हणून फसून वर येणारे झाड पुढच्या हिमात मरेल. कंदाची ही अट त्याला वाचवते.

आपल्या कांद्याची तऱ्हा निराळी. कांद्याच्या पिकात डेंगळे आले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. ते डेंगळे म्हणजे फुलाचे दांडे, आणि त्यांना थंडीच कारण असते. मात्र तेथे पाने देणारा कोंब थंडीमुळे फुलाकडे वळतो. म्हणजे कांद्यात थंडीने फूल घडते, ट्यूलिपमध्ये घडलेले फूल थंडीने बाहेर पडते. दोन्हींना सरसकट एकच नाव देणे मला तरी पटत नाही.

श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ साली ट्यूलिपची मोठी बाग खुली झाली. कंद हिवाळ्यापूर्वी लावायचे, बाकीचे काम काश्मीरची थंडी करते. मार्चअखेर किंवा एप्रिलात फुले येतात. पुण्या-मुंबईची थंडी मात्र अपुरी पडते. येथे कुंडीत नुसता कंद पुरला तर बहुधा पानेच पाहायला मिळतात.

तरीही हौस असेल तर कंद हातात घेऊन निवडा. तो घट्ट व वजनदार असावा, बुडाशी बुरशी नसावी. घेर १२ सेंटिमीटर किंवा अधिक असल्यास उत्तम. विक्रेत्याने कंद आधीच थंडीत ठेवले होते का, तेही विचारा. नसल्यास सप्टेंबरपासून तीन-साडेतीन महिने भोके पाडलेल्या कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवा. शेजारी सफरचंदे किंवा केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या एथिलीन वायूने आतली कळी मरते. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहा, कारण हे कंद विषारी असतात आणि कांदा समजून कोणी चिरायला नको! मग डिसेंबरच्या अखेरीस, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत, टोक वर करून लावा. बागेत कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावतात. कुंडीत थोडे उथळ चालते. कुंडी दुपारच्या उन्हापासून जपा.

एवढे करूनही पुढल्या वर्षी त्याच कंदाला आपल्याकडे पुन्हा फूल येण्याची आशा धरू नये. दरवर्षी नवे कंद घेणे परवडत नसेल, तर लाल चेंडूसारखे फूल देणारी मे फ्लॉवर लिली लावा. ही मूळची आफ्रिकेतली. तिला थंडी नको, कोरडी विश्रांती हवी. हिवाळ्यात पाने पिवळी पडली की पाणी तोडायचे आणि कंद कुंडीतच राहू द्यायचा. मे महिन्याच्या सुमारास पानांच्या आधीच फूल वर येते.