बेसची किंमत, लाकूड आणि तंबोऱ्याची जवारी

यवतमाळच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्या तरुण वाचकानं विचारलेला प्रश्न मला फार आवडला. त्याच्याकडे कारखान्यात बनलेला, काही हजारांचा बेस आहे. अमेरिका-युरोपातल्या छोट्या कार्यशाळांत एकेक करून घडवलेले बेस काही लाखांना जातात आणि त्यांच्या आवाजाचं श्रेय जाहिरातींत बहुधा लाकडाला दिलेलं असतं. हा फरक खरंच कानाला कळतो का, असं तो विचारतो. आणि सगळी करामत लाकडाचीच असेल, तर घाटंजी-पांढरकवड्याच्या रानातलं सागवान काय वाईट?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच दडलं आहे, म्हणून आधी पहिला.

लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्यानं १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, तेव्हा त्यात पोकळ पेटी ठेवलीच नाही. नुसती भरीव फळी. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे पिकअप. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. पिकअप फक्त पोलादाचं हलणं टिपतो. फळी सागाची आहे, मेपलची आहे की प्लायवुडची, हे त्याला थेट कळण्याचा मार्गच नाही. लाकडाला काही सांगायचं असेल, तर ते तारेचं हलणं बदलूनच सांगावं लागतं.

तारेच्या बाबतीत इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगनं १८०० सालीच एक सुंदर गोष्ट दाखवून दिली होती. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरांशही उमटतात. पण जिथं छेडाल, तिथं ज्या स्वरांशाचा निष्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असेल तो स्वरांश उमटत नाही. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम स्वरांश गायब. पिकअपलाही हाच नियम उलट बाजूनं लागू पडतो. तो तारेच्या लांबीच्या सहाव्या भागावर बसवला, तर मोकळ्या तारेचा सहावा स्वरांश त्याला ऐकूच येत नाही. पिकअप दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे सरकवला तरी वाद्याचा स्वभाव बदलतो, तो यामुळे. दोन महागड्या बेसच्या आवाजातला फरक लाकडात शोधणाऱ्यानं आधी फूटपट्टी घेऊन पिकअपची जागा मोजावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

शिवाय बेस ऐकताना कान स्वतःही बरंच काही रचत असतो. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. पाच तारांच्या बेसची त्याहून खालची तार ३१ वेळा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून इतका खालचा आवाज बाहेर पडूच शकत नाही. तरी आपल्याला तो स्वर ओळखू येतो, कारण ८२, १२३, १६४ अशा ४१ च्या पटींत वर जाणाऱ्या स्वरांशांपैकी जे ऐकू येतात त्यांवरून मेंदू त्यांचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणजे मोबाइलवर पाच लाखांच्या बेसचा खर्ज ऐकून भारावणारा श्रोता जो खर्ज ऐकतो, तो त्याच्या स्वतःच्या डोक्यात तयार झालेला असतो.

मग लाकूड करतं तरी काय? ते चोरी करतं. बेस वाजवणाऱ्यांना ‘डेड स्पॉट’ ठाऊक असतो. गळ्यावरच्या एखाद्या पडद्यावर स्वर उमटतो आणि लगेच विझतो. शेजारच्या पडद्यावर मात्र आस छान टिकते. फेंडर घाटणीच्या बेसवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास हा अनुभव हमखास येतो. निंबाच्या एकाच फांदीला दोन सारखे झोके बांधून एकालाच ढकललं, तर थोड्या वेळानं तो मंदावतो आणि दुसरा आपोआप झुलू लागतो. वाद्याचा गळा हा तो दुसरा झोका आहे. गळ्याची स्वतःची कंपनं असतात. तारेचा स्वर त्यांच्याशी जुळला की ऊर्जा तारेतून लाकडात उतरते आणि तिथं उष्णता होऊन संपते. जर्मन संशोधक हेल्मुट फ्लायशर यांनी पडद्यागणिक गळ्याची कंप घेण्याची तयारी मोजली आणि स्वर कुठं लवकर मरेल याचं भाकीत त्या आकड्यांवरून करता येतं, हे दाखवलं. भरीव वाद्यात लाकडाचा परिणाम खरा आहे, पण तो आवाजात भर घालण्याचा नसून काही स्वर कमी करण्याचा आहे. आणि त्यात अंगाच्या सुंदर फळीपेक्षा गळ्याचा वाटा मोठा.

फ्लायशर यांचं हे काम वाचताना मला सारखी आठवण येते ती चंद्रशेखर वेंकट रामन यांची. दर २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून विज्ञान दिन साजरा होतो, समुद्र निळा का दिसतो याची गोष्ट सांगितली जाते, १९३० च्या नोबेलचा उल्लेख होतो आणि भाषण संपतं. प्रकाशाकडे पूर्ण वळण्याआधी या माणसानं आपल्या तारुण्यातली कितीतरी वर्षं तारांच्या कंपनांना दिली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. ते तेव्हा सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते. १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली होती, म्हणजे यवतमाळपासून दीडशे किलोमीटरच्या आत! त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी भारतीय गणित मंडळाच्या नियतकालिकात एका वाद्यावर टिपण लिहिलं होतं. ते वाद्य म्हणजे आपल्या भजनातला एकतारा. पुढं कलकत्त्यात नोकरी सांभाळून, सकाळ-संध्याकाळ बहूबाजार रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी चेलो या वाद्याच्या एका दोषाचा छडा लावला. चेलोवर एखादा स्वर गज कितीही नीट ओढला तरी गुरगुरतो. संगीतकार त्याला ‘लांडगा’ म्हणतात. रामन यांनी तारेचं आणि वाद्याच्या पोटाचं हलणं एकाच वेळी छायाचित्रित केलं आणि १९१६ मध्ये दाखवलं, की त्या स्वराला वाद्याचं अंग तारेतली ऊर्जा इतक्या वेगानं ओढून घेतं की गजाचा जोर पुरा पडत नाही. बेसचा डेड स्पॉट हा त्याच लांडग्याचा भाऊ. चेलोत गज सतत ऊर्जा पुरवत राहतो, म्हणून गुरगुर ऐकू येते. बेसची तार एकदाच छेडलेली असते, म्हणून ती गप्प होते.

पण रामन यांचं मला सर्वांत प्रिय काम आहे ते तंबोऱ्यावरचं. १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. तंबोऱ्याची तार साधारण मध्याजवळ छेडली जाते. यंगच्या नियमाप्रमाणे तिच्यातून सम स्वरांश नाहीसे व्हायला हवेत. प्रत्यक्षात तंबोऱ्यात ते भरभरून ऐकू येतात. रामन यांनी याचं कारण घोडीत शोधलं. व्हायोलिनच्या घोडीला धार असते. तार तिथं एका बिंदूवर संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार. कंप पावणारी तार तिच्या पाठीला पुन्हा पुन्हा चाटून जाते, तिची टेकण्याची जागा क्षणोक्षणी सरकते आणि मूळ स्वरातली ऊर्जा वरच्या स्वरांशांत वाटली जाते. तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा ही चाटण्याची जागा केसभर अंतरानं ठरवतो. हीच जवारी. मिरजेत शिकलगारांच्या वंशातले कारागीर एकोणिसाव्या शतकापासून कानस आणि कान एवढ्याच भांडवलावर ती लावत आले आहेत; मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता बेसकडे परत या. पडदे नसलेला बेस, म्हणजे फ्रेटलेस, ऐकलात तर छेडल्यावर स्वर लगेच पूर्ण उमटत नाही. तो जरा उशिरानं फुलतो, नाकातून गायल्यासारखा. जाको पास्टोरियस या अमेरिकी वादकानं १९७६ च्या आपल्या पहिल्या अल्बमपासून हा आवाज जगभर पोचवला. तो येतो कुठून? बोटानं दाबलेली तार पुढं गळ्यावरच्या पट्टीशी अगदी लहान कोन करते आणि कंप पावताना पट्टीला चाटत जाते. ही जवारीच! जाकोनं तंबोऱ्याचा अभ्यास केला होता असं मला म्हणायचं नाही. पण भौतिकशास्त्र दोन्हीकडे एकच आहे. आणि त्याचा तो प्रसिद्ध बेस कुठल्या खास कार्यशाळेतला नव्हता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा, कारखान्यात बनलेला फेंडर होता तो. पडदे काढून टाकून पट्टीवर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा कडक थर दिलेला. त्या आवाजाचं श्रेय द्यायचंच, तर आधी हाताला आणि मग त्या काही मिलिमीटरांच्या स्पर्शाला द्यावं लागतं.

लाकडाच्या महिम्याची परीक्षा डोळे बांधून घेतली गेली आहे. २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या व्हायोलिन स्पर्धेच्या वेळी क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २१ वादकांना काळे चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली: तीन नवी आणि तीन जुन्या इटालियन कारागिरांची, म्हणजे दोन स्ट्राडिव्हारी, एक ग्वार्नेरी. जुन्या तिघांची एकत्रित किंमत नव्या तिघांच्या सुमारे शंभरपट होती. बहुतेकांना जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते ओळखता आलं नाही आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिव्हारीला. पुढं इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात सहा अकूस्टिक गिटारी एकाच कारागिराकडून बनवून घेतल्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा, त्यांत आपला भारतीय शिसमही. ५२ गिटारवादकांनी न पाहता त्या वाजवल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष आला, की त्यांनी दिलेले गुण जवळजवळ सारखेच होते. या गिटारी पोकळ होत्या, म्हणजे लाकडाला बोलायला भरीव बेसपेक्षा कितीतरी अधिक वाव होता. तिथं ही गत असेल, तर बेसच्या अंगावर चिकटवलेल्या पाच मिलिमीटरच्या देखण्या पातळ थरानं आवाजाला ‘ऊब’ येते, या दाव्यावर विश्वास ठेवायला माझं मन तयार होत नाही.

पण म्हणून लाखांचा बेस म्हणजे फसवणूक, असंही मी म्हणणार नाही. फरक आहे, तो हाताला कळतो. न्यूयॉर्कच्या फोडेरासारख्या किंवा कॅलिफोर्नियाच्या अलेंबिकसारख्या कार्यशाळा पैसे घेतात ते पडद्यांच्या एकसारख्या उंचीचे, गळ्याच्या घडणीचे, गुरगुर न करणाऱ्या विद्युत-जोडणीचे. तार पट्टीच्या किती जवळ ठेवता येईल हे पडदे किती समपातळीत आहेत यावर ठरतं, आणि तार जवळ असली की डाव्या हाताचे कष्ट बरेच कमी होतात. लांबीचंही तसंच. नेहमीच्या ३४ इंचांऐवजी तार ३५ इंचांची केली, तर तीच तार त्याच स्वराला लावायला ताण सुमारे सहा टक्क्यांनी वाढवावा लागतो. खालची ३१ कंपनांची ढिली तार त्यानं जरा कणखर होते. बोटाला हे पहिल्या क्षणी कळतं. समोरच्या श्रोत्याला कदाचित कधीच नाही.

यवतमाळकरांच्या दृष्टीनं गळा सर्वांत महत्त्वाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी ठण्ण होते, आणि दीड महिन्यात पाऊस लागून तीच हवा ओलीचिंब. लाकूड पाणी सोडतं, पुन्हा पितं आणि गळा वाकतो. ऑर्केस्ट्रावाल्यांना म्हणून दर मोसमात गळ्यातली सळई पान्यानं आवळावी-सैल करावी लागते. महागड्या बेसचा गळा पाच-सात पट्ट्या उलटसुलट रेषांनी चिकटवून केलेला असतो, काहींत कार्बन तंतूंच्या कांबी असतात. १९७० च्या दशकात अवकाश-उद्योगात काम करणाऱ्या जेफ गूल्डनं तर पूर्ण गळाच कार्बनचा केला. ताठ गळा कमी चोरी करतो.

आणि इथं सागवान येतं. सागाची ख्याती नादासाठी फारशी नाही, ती आहे जागा न सोडण्यासाठी. जहाजं आणि वाड्यांचे दरवाजे त्याचे केले ते पाणी पिऊन तो फुगत नाही म्हणून. घनमीटरला साधारण ६५० किलो वजन, ताठपणात मेपलच्या फार मागे नाही. अडचण आहे ती त्याच्या तेलाची, सरस धरत नाही. चिकटवण्याआधी पृष्ठभाग पुसून घ्यावा लागतो. आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांनी हत्यारं बोथट होतात. त्याच रानात अधूनमधून भेटणारा शिसम अधिक घट्ट आणि जड. पट्टीसाठी उत्तम, पण पूर्ण अंग त्याचं केलं तर खांदा दुखेल. शिसमाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये परवान्यांचं बंधन आलं. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस. मधल्या काळात कित्येक गिटार-निर्माते दुसऱ्या लाकडांकडे वळले, आणि आवाज बिघडल्याची ओरड फारशी झाली नाही.

यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या मुलांनी हे तपासावं अशी माझी फार इच्छा आहे. साग, शिसम आणि प्लायवुड यांचे एकाच मापाचे तीन गळे करायचे. एकच पिकअप, एकच जागा. प्रत्येक पडद्यावर तार सारख्याच जोरानं छेडायची आणि स्वर विझायला लागणारा वेळ मोबाइलच्या ध्वनिमापक अ‍ॅपवर नोंदवायचा. मग गळ्याच्या टोकाला लोखंडी क्लॅम्प लावून पुन्हा मोजायचं; डेड स्पॉट सरकलेला दिसेल. आवाजावरून गळा कुठला ते ओळखायची वेळ आली की वाजवणाऱ्याचे डोळे बांधायचे. आणि तिन्ही गळ्यांवर तारा एकाच बनावटीच्या, नव्या हव्यात, कारण महिनाभर घामाच्या बोटांनी वाजवलेली तार वरचे स्वरांश गमावते आणि हा फरक कुठल्याही लाकडाच्या फरकापेक्षा मोठा निघेल.