पिच्चित व्रण, केसपेपर आणि कामगाराचा हक्क

भोसरी, चाकण, तळवडे या परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे पॉवर प्रेसखाली बोटे चिरडलेला कामगार येतो, तो बहुधा अपघाताच्या दिवशी नव्हे. शस्त्रकर्म अन्यत्र झालेले असते, टाके निघालेले असतात, व्रण रूढ झालेला असतो; परंतु उरलेले बोट वळत नाही, मूठ मिटत नाही, थंडीत ठणका लागतो. कारखान्याच्या लेखी प्रकरण तोवर मिटलेले असते आणि पुढील चिकित्सेचा खर्च तो स्वतःच्या खिशातून करीत असतो. हा भार वस्तुतः कोणाचा, आणि तो योग्य ठिकाणी जावा म्हणून वैद्याने काय करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सुश्रुताचार्यांनी सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले. प्रहाराने वा दाबाने अस्थीसह चेपून पसरट झालेले, मज्जा व रक्ताने माखलेले अंग ते पिच्चित. प्रेसखाली सापडलेल्या बोटाचे याहून नेमके वर्णन आम्हांस ठाऊक नाही. त्याच आचार्यांचे व्रणाचे साठ उपक्रम रोपणापाशी थांबत नाहीत. कठीण झालेल्या जागी मृदुकर्म, पुढे वर्ण पूर्ववत करणे, रोमसंजनन येथपर्यंत ते जातात. भग्नाच्या संदर्भात तर अस्थी स्थिर होण्यास प्रथम वयात एक मास, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काळ लागतो, असे स्पष्ट सांगितले आहे. जखम भरली म्हणजे रुग्ण कामास योग्य झाला, हे समीकरण शास्त्राचे नव्हे; ते उत्पादन विभागाचे आहे.

आता कायद्याकडे वळू. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात उपचारांच्या खर्चाची तरतूद मुळात नव्हती. २००९ च्या दुरुस्तीने, १८ जानेवारी २०१० पासून, कामाच्या ओघात झालेल्या दुखापतीवरील प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च मालकाने परत द्यावा असे कलम त्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद कायम आहे. तिच्या शब्दांत कोणत्याही पॅथीचा उल्लेख नाही. अर्थात स्नेहन, स्वेदन, बंध यांवर झालेला खर्चही ‘प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च’च होय, तो सिद्ध करता आला पाहिजे, इतकेच.

कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराची गोष्ट निराळी. त्याची भरपाई व उपचार महामंडळाकडून होतात, आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो. कामाच्या अपघातासाठी किमान वर्गणीची अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी बोट गेले तरी हक्क आहे. मालकाने नोंदणीच केली नव्हती, या कारणाने कामगाराचा लाभ बुडत नाही. योजनेची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांचे विमा कार्ड अपघातानंतर दोन-तीन दिवसांनी निघालेले आम्ही पाहिले आहे. अशा रुग्णास प्रथम विमा दवाखान्यात पाठवावे, आपल्याकडे धरून ठेवू नये.

योजनेबाहेरच्या कामगाराचा हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. पंचवीस वर्षांच्या तरुणाचा अंगठा गेला असे समजू. अनुसूचीप्रमाणे ही ३० टक्के अर्जनक्षमतेची हानी. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेतील १५,००० रुपये ही वेतनमर्यादा धरली, तर तिचे ६० टक्के म्हणजे ९,०००. या वयाचा गुणक २१६.९१, गुणाकार १९,५२,१९०, त्याचे ३० टक्के ५,८५,६५७ रुपये. वैद्यकीय खर्च याहून वेगळा. ठेकेदार याच अंगठ्यासाठी वीस-पंचवीस हजार हातावर ठेवून कोऱ्या कागदावर सही घेतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यापुढे टिकत नाही, हे कामगारास कोणीतरी सांगावयास हवे, आणि तो निवांतपणे बोलतो तो बहुधा वैद्याशीच. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ कारखानदाराकडे दावा करता येतो, हेही त्यास ठाऊक नसते.

राहिला केसपेपर. आपल्या व्यवसायात तो फार वेळा ‘वातव्याधी, हस्तशूल’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. भरपाईचा निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यास त्यातून काहीच कळत नाही. अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण, यंत्र कोणते, हात उजवा की डावा, कोणते बोट, कोणत्या पर्वापर्यंत, सांधा किती अंश वळतो, मूठ मिटते का, सुई वा नाणे उचलता येते का, असे सारे त्यात यावे. तर्जनीच्या संपूर्ण हानीस अनुसूचीत १४ टक्के, दोन पर्वांस ११ व एका पर्वास ९ टक्के आहेत. तेव्हा ‘बोटास इजा’ असे मोघम लिहिणे म्हणजे रुग्णाचे पैसे पाण्यात घालणे. वृत्त रुग्णाच्याच तोंडून घ्यावे. सोबत आलेला सुपरवायझर ‘घरी पडला असे लिहा’ म्हणून सुचवू लागला, तर त्यास नम्रपणे बाहेर बसण्यास सांगावे. अपघात ताजा असेल तर पोलिसांना कळवण्याची व रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे नेण्याची व्यवस्था आधी. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी, बोटाला बर्फ थेट लावू नये.

देयक छापील व अनुक्रमांकित असावे, त्यावर नोंदणी क्रमांक असावा, आणि औषधी द्रव्ये, कर्मे व बैठका यांची रक्कम वेगवेगळी दाखवावी. ‘आयुर्वेदिक उपचार, रुपये अमुक’ अशी चिठ्ठी कोणीही बाजूला सारील. कामावर रुजू होण्याचा दाखला मागितला गेल्यास ‘बरा आहे’ असे न लिहिता, कोणते काम करता येईल व कोणते नाही ते लिहावे: बसून तपासणीचे काम चालेल, प्रेसवर दोन्ही हातांनी पत्रा सरकवण्याचे काम अमुक तारखेपर्यंत चालणार नाही. त्या दाखल्याची एक प्रत रुग्णाजवळ व एक आपल्या दप्तरी ठेवावी.