नांव कोणाचें, काम कोणाचें ?

गेल्या चातुर्मासांतील गोष्ट. माझ्या वडील बंधूंची कन्या एका विज्ञानसंस्थेंत संशोधन करते. तिचा पहिला शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, तेव्हां घरांत सणासारखा आनंद झाला. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर ती तो निबंध घेऊन माजघरांत आली आणि आम्ही सारी मंडळी तिच्याभोवतीं बसलों. माझ्या मातोश्रींस आतां नीट दिसत नाहीं. त्यांनीं कागदावरून हात फिरवीत विचारलें, "बाळे, यांत तुझें नांव कोठें आहे ग ?"

मुलीनें त्यांचें बोट धरून नांवावर ठेवलें. एकंदर नऊ नांवें होतीं आणि तिचें चौथें होतें. "आणि काम कोणीं केलें ?" असें मीं विचारलें. ती म्हणाली, "काका, दीड वर्ष प्रयोग मीं केले. पहिला मसुदाहि माझाच. पण पहिलें नांव दुसऱ्याचें लागलें. आमच्या शास्त्रांत पहिल्याला आणि शेवटल्याला मान. मधले सारे वऱ्हाडी." हें तिनें हसून सांगितलें, पण त्या हसण्यांत कांहीं तरी खुपत होतें. मीं आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. एकाचें गणित दुसऱ्याच्या वहींत उतरलेलें दिसलें कीं कान धरणें हा माझा धर्म. तेव्हां मला संताप आला, हें सांगावयास नकोच. पुढें दोन महिने, मुलीच्याच मदतीनें, या विषयावर जें वाचतां आलें तें वाचलें. त्याचें सार येथें देत आहें. ज्या घरांतील मुलगे-मुली आज संशोधनाकडे वळत आहेत, त्या घरांतील वडील मंडळींस तें ठाऊक असणें बरें.

प्रथम नांवांच्या क्रमाचा विचार करूं. हा क्रम सर्व शास्त्रांत सारखा नसतो. गणितांत बहुधा नांवें वर्णानुक्रमानें छापतात. तेथें पहिला-दुसरा हा भेदच नाहीं. हार्डी व लिटलवुड हे इंग्लंडांतील दोन थोर गणिती अनेक वर्षें मिळून काम करीत. दोघांच्या नांवानें निघणाऱ्या निबंधांत एकाचा हातभार मुळींच नसला तरी चालेल, असा त्यांचा आपसांत करार होता. जणूं सख्ख्या भावांचा सामायिक गल्ला! जीवशास्त्रांत व वैद्यकांत पहिलें नांव बहुधा प्रत्यक्ष खपणाऱ्याचें आणि शेवटचें प्रयोगशाळेच्या प्रमुखाचें असतें. पदार्थविज्ञानाच्या महाप्रयोगांची तर तऱ्हाच न्यारी. इ. स. २०१५ मध्यें जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेंतील दोन प्रयोगगटांनीं हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयीं एक संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. त्याचे लेखक ५,१५४ ! निबंधाचीं पानें ३३. त्यांपैकीं विषय नऊ पानांत आटोपला आणि उरलेलीं २४ पानें लेखकांच्या व त्यांच्या संस्थांच्या नांवांनीं भरलीं. एवढ्या मंडळींनीं तीं अवाढव्य यंत्रें उभारलीं, चालविलीं व राखलीं. यांत लबाडी कांहीं नाहीं. परंतु त्या यादीवरून कोणीं काय केलें, हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं.

कोणी म्हणेल, "नांव कोठेंहि असो, ज्ञान वाढलें म्हणजे झालें." विचार उदात्त खरा, पण आज नेमणूक, बढती आणि संशोधनाचें अनुदान हीं सारीं या नांवांवर अवलंबून असतात, आणि म्हणून नांवें मोजण्याचेंहि एक शास्त्र निर्माण झालें आहे. अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं इ. स. १९६४ मध्यें शास्त्रीय निबंधांतील उल्लेखांची एक मोठी सूचि काढण्यास आरंभ केला. अमुक निबंधाचा आधार पुढें कोणकोणीं घेतला, हें तींत सांपडे. अभ्यासकांस वाट सांपडावी म्हणून हा दिवा लावला. पण त्याच उजेडांत लोक एकमेकांची उंची मोजूं लागले. इ. स. २००५ मध्यें कॅलिफोर्नियांतील पदार्थवैज्ञानिक जॉर्ज हर्श यांनीं एक निर्देशांक सुचविला. तो आज जगभर चालतो. त्याची रीत सोपी आहे. समजा, एका विद्वानाचे पांच निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमें ४०, १२, ६, ५ व २ झाले आहेत. निदान चार उल्लेख झालेले निबंध त्याच्यापाशीं चार आहेत. निदान पांच उल्लेखांचे पांच मात्र नाहींत. म्हणून त्याचा अंक ४. दुसऱ्याच्या पांचहि निबंधांचे प्रत्येकीं पांचच उल्लेख झाले आहेत. त्याचा अंक ५. पहिल्याचे एकूण उल्लेख ६५ आणि दुसऱ्याचे २५, तरी दुसरा वरचढ ठरला. सातत्याला मान मिळावा हा हेतु यांत आहे, आणि तो वाईट नाहीं. परंतु खरी मेख पुढेंच आहे. एकट्यानें दहा वर्षें झिजून लिहिलेला निबंध आणि पांच हजारांपैकीं एक म्हणून ज्यावर नांव आलें तो निबंध, हे दोन्ही या गणितांत सारखेच !

आपल्याकडील विद्यापीठ अनुदान मंडळानें इ. स. २०१८ च्या नियमांत वांटणीचाहि प्रयत्न केला. दोन लेखक असतील तर प्रत्येकास निबंधाच्या गुणांपैकीं सत्तर टक्के. दोहोंपेक्षां अधिक असतील तर प्रमुख लेखकास सत्तर व बाकीच्यांस प्रत्येकीं तीस. मी जुना गणितशिक्षक. मीं लगेच बेरीज केली. दोन लेखकांचे टक्के झाले १४०, आणि पांच लेखकांचे १९० ! जितके हात अधिक, तितका लाडू मोठा. मग हात वाढले तर नवल काय ?

ज्यांचा हात नाहीं त्यांचीं नांवें कशीं लागतात, याच्या कथा मनोरंजक आहेत. इ. स. १९४८ मध्यें राल्फ आल्फर या विद्यार्थ्यानें आपले गुरु जॉर्ज गॅमो यांच्यासह मूलद्रव्यांच्या उत्पत्तीविषयीं एक महत्त्वाचा निबंध लिहिला. गॅमो मोठे विनोदी. आल्फर आणि गॅमो यांच्या मध्यें 'बेथे' असावा, म्हणजे ग्रीक वर्णमालेचा आल्फा, बीटा, गॅमा असा क्रम साधेल, म्हणून त्यांनीं हान्स बेथे या नामांकित शास्त्रज्ञाचें नांव मध्यें घातलें. बेथे यांचा त्या कामाशीं संबंध नव्हता. निबंध एक एप्रिलच्या अंकांत निघाला आणि जग हंसलें. आल्फर मात्र हंसला नाहीं. दोन कीर्तिमंतांच्या शेजारीं आपल्या श्रमांकडे कोण पाहणार, हें त्या तरुणास तेव्हांच कळलें होतें.

दुसरी कथा इ. स. १९७५ ची. अमेरिकेंतील जॅक हेदरिंग्टन या प्राध्यापकानें एका निबंधांत सर्वत्र 'आम्ही' असें लिहिलें. एकच लेखक असतां 'आम्ही' हें त्या नियतकालिकास चालणार नाहीं, असें एका सहकाऱ्यानें त्यास सांगितलें. सारा निबंध पुन्हां टंकलिखित करण्यापेक्षां त्यानें आपल्या सयामी बोक्याचें नांव, भारदस्त आद्याक्षरें लावून, सहलेखक म्हणून घातलें. आणि तसाच तो निबंध छापला गेला. आपल्या मासिकांतून 'आम्ही' लिहिणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांच्या घरीं मांजरें किती, हें आतां विचारावेंसें वाटतें !

परंतु नसलेलें नांव लागणें यापेक्षां असावयाचें नांव गळणें हें अधिक दुःखाचें. कोलंबिया विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनीं इ. स. १९६८ मध्यें एक गाजलेला निबंध लिहिला. ज्याची कीर्ति आधींच मोठी त्याच्या पदरांत आणखी श्रेय पडतें, आणि त्याच्याबरोबर राबणारा अप्रसिद्ध सहकारी मागें पडतो, हा त्याचा विषय. या निबंधाचा मोठा आधार म्हणजे हॅरिएट झुकरमन या विदुषीनें नोबेल पारितोषिक मिळालेल्या शास्त्रज्ञांच्या घेतलेल्या मुलाखती. निबंधावर मात्र नांव एकट्या मर्टन यांचें. इ. स. १९७३ मध्यें मर्टन यांनींच छापील कबुली दिली कीं, आपण त्या सामग्रीचा इतका उपयोग केला होता कीं निबंध दोघांच्या नांवानें निघावयास हवा होता. श्रेयाच्या अन्यायावर लिहिणाऱ्याच्या हातूनच तो अन्याय घडला ! पुढें त्या दोघांचा विवाह झाला. पण निबंध ज्या नांवानें एकदां छापला गेला, त्याच नांवानें तो आजहि ओळखला जातो.

याच्या उलट उदाहरणेंहि आहेत, आणि तीं मुलांस अवश्य सांगावीं. इ. स. १९२४ मध्यें डाक्क्याचे सत्येंद्रनाथ बोस यांनीं आपला इंग्रजी निबंध आइन्स्टाइन यांजकडे पाठविला. आइन्स्टाइन यांनीं स्वतः त्याचें जर्मन भाषांतर केलें आणि तें एकट्या बोस यांच्या नांवानें छापविलें. आपण त्यांत केवळ भाषांतरकार म्हणून राहिले. दुसरें उदाहरण आपल्या कोंकणांतलें. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे माझ्यासारखेच मॅट्रिक झालेले शिक्षक. आमचें साम्य येथेंच संपतें. भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास लिहिणारे हे पंडित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिकवीत. इ. स. १८९६ मध्यें 'दि इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ लंडनास निघाला, तेव्हां रॉबर्ट सीवेल या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या नांवाखालीं, सहग्रंथकार म्हणून, दीक्षितांचें नांव आलें. "एका पुणेकर शास्त्र्यानें साहाय्य केलें" असें प्रस्तावनेंत लिहूनहि त्या काळीं भागलें असतें.

मग यावर उपाय काय ? वैद्यकीय नियतकालिकांच्या ज्या संपादकमंडळींची पहिली बैठक इ. स. १९७८ मध्यें कॅनडांतील व्हॅंकूव्हर येथें झाली, त्यांच्या नियमांनुसार लेखक म्हणविण्यास चार अटी लागतात : कामांत भरीव वांटा असावा, मजकूर लिहिण्यांत किंवा चिकित्सकपणें सुधारण्यांत भाग असावा, अंतिम मसुद्यास संमति असावी, आणि निबंधांतील चुकीबद्दल जाब देण्याची तयारी असावी. ही चौथी अट इ. स. २०१३ मध्यें जोडली गेली. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. नांव म्हणजे नुसता हार नव्हे; नांव म्हणजे जामीन. याहून पुढची सुधारणा अशी कीं, पुष्कळ नियतकालिकें आतां निबंधाच्या शेवटीं कल्पना कोणाची, प्रयोग कोणाचे, गणित कोणाचें, पहिला मसुदा कोणाचा, देखरेख कोणाची, अशा चौदा कामांची नांवनिशी छापतात. या पद्धतीस इ. स. २०२२ मध्यें अमेरिकेंत प्रमाण म्हणून मान्यता मिळाली.

संस्कृत पोथ्या हाताळलेल्या वाचकांस हें वाचून नवल वाटणार नाहीं. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते. तींत मूळ ग्रंथकार कोण, टीकाकार कोण, पोथी लिहिली कोणीं, कोणासाठीं, कोणत्या गांवीं आणि कोणत्या तिथीस, हें पुष्कळदां वेगवेगळें नोंदलेलें सांपडतें. लेखनिक बिचारा हात जोडून विनवितो कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, मला दोष देऊं नये. पाणिनीनेंहि अष्टाध्यायींत दहा पूर्वाचार्यांचीं नांवें घेतलीं आहेत. ज्याचें काम त्याच्या नांवासमोर मांडावें, ही रीत आपल्यास परकी नाहीं. आंकडा फक्त नांवें मोजतो. काम मोजावयाचें तर तें आधीं सांगितलें पाहिजे.

असो. हें सारें टिपण मीं एका रात्रीं माजघरांत वाचून दाखविलें. पुतणीस मीं उपदेश केला कीं, पुढील वेळीं काम सुरू होण्यापूर्वींच कोण काय करणार व नांवें कोणत्या क्रमानें लागणार हें लेखी ठरवून घे. तिनें मान डोलाविली. मग मातोश्री म्हणाल्या, "तिचें चौथें तरी आहे. तुझ्या त्या संस्कृतच्या पुस्तकावर हिच्या आईचें कितवें रे ?"

मी निरुत्तर झालों. विद्यार्थ्यांसाठीं मीं संस्कृत व्याकरणाचें एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांतील नियम माझे. परंतु भाषांतरासाठीं दिलेलीं तीनशें वाक्यें माझ्या वहिनींनीं रचलेलीं, उत्तरें त्यांचीं, आणि तीनहि वेळां मुद्रितें त्यांनींच तपासलेलीं. त्या संस्कृत घेऊन बी. ए. झालेल्या, मी पाठशाळेंत शिकलेला. मुलांस आवडतात तीं वाक्यें. नियम कोणास आवडतात? प्रस्तावनेंत मीं मुद्रकाचे आभार मानले, कागदवाल्याचे मानले, आणि शेवटीं आपल्या लेखकवर्गाचें तें ठरीव वाक्य लिहिलें कीं, घरच्या मंडळींचे आभार मानणें म्हणजे परकेपणा दाखविणें होय. किती सोयीचें वाक्य ! त्या एका वाक्याखालीं महाराष्ट्रांतील किती बहिणी, भावजया आणि पत्नी यांचे श्रम झांकले गेले असतील !

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मला आतां नांव घेऊन काय करावयाचें आहे ?" मीं म्हटलें, "वहिनी, तुम्हांला नको असेल, पण पुस्तकाला हवें आहे. वाक्य चुकलें तर मुलांनीं कोणास विचारावें ?" चौथी आवृत्ति छापखान्यांत गेली आहे. तिच्या शीर्षकपृष्ठावर दोन नांवें आहेत, आणि पाठीमागच्या पानावर कोणीं काय केलें हें चार ओळींत लिहिलें आहे. वहिनींचें नांव या लेखांत देऊं नये अशी त्यांची सक्त ताकीद आहे; तेव्हां तें पुस्तकावरच वाचावें.