वावाची चांदी

फिलाडेल्फियाजवळच्या वावा या गावातल्या टांकसाळीतून 1970च्या दशकात निघालेली चांदीची पदकं आजही अमेरिकेतल्या घराघरांत माळ्यावर पडून आहेत. आजोबा गेले की पेटी खाली उतरते आणि कुणीतरी ती नाण्यांच्या दुकानात घेऊन जातं. दुकानदार आधी पेटी बाजूला सारतो, मग प्रमाणपत्र, आणि पदकं थेट काट्यावर ठेवतो. मायकेलअँजेलोच्या कलाकृतींची साठ पदकं असोत की अमेरिकेच्या इतिहासाची दोनशे, त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: वजन किती?

टांकसाळीचं नाव फ्रँकलिन मिंट. नाव सरकारी वाटतं, कारखाना मात्र पूर्णपणे खासगी. संस्थापक जोसेफ सीगल हा जाहिरातीसाठी वाटायच्या भेटवस्तूंच्या धंद्यात मुरलेला माणूस. मार्च 1964मध्ये अमेरिकी कोषागारासमोर चांदीचे डॉलर मिळवण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या होत्या. त्यातून सीगलने हेरलं की लोकांना चांदी हवी आहे आणि सरकार ती नाण्यातून काढून घेणार आहे. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने डाइम आणि क्वार्टर या नाण्यांमधली चांदी गेलीही. तोवर सीगलने चांदीची पदकं घेणाऱ्या सभासदांची एक संस्था काढली होती. सभासद मोजून 5,250, त्याहून एकही जास्त नाही. पहिलं पदक नुकतेच वारलेले जनरल मॅकआर्थर यांचं होतं.

पण सीगलने खरी बाजी मारली ती गिलरॉय रॉबर्ट्स यांना आणून. रॉबर्ट्स हे अमेरिकी सरकारी टांकसाळीचे मुख्य कोरक होते. केनेडींच्या अर्ध्या डॉलरवरचा चेहरा त्यांनीच घडवलेला. त्या चेहऱ्याखाली त्यांनी कोरलेली आद्याक्षरं काहींना कोयता-हातोड्यासारखी दिसली आणि कम्युनिस्ट खूण म्हणून ओरडही झाली. त्यांच्याआधीचे आठही मुख्य कोरक पदावर असतानाच वारले होते. ती खुर्ची जिवंतपणी सोडणारे रॉबर्ट्स पहिले, आणि ते गेले कुठे, तर एका नवख्या खासगी कारखान्यात.

रॉबर्ट्सची विद्या समजून घ्यायची तर त्या काळच्या पदककारखान्यांतलं लघुकरण यंत्र पाहायला हवं. ते पाहताना बाकीचा धंदा विसरायला होतं. कोरक आधी मातीत आणि प्लॅस्टरमध्ये भलंमोठं, जेवणाच्या ताटाएवढं शिल्प करतो. त्यावरून कठीण राळेची प्रत काढतात. ही प्रत यंत्राच्या एका टोकाला संथ फिरत राहते आणि दुसऱ्या टोकाला त्याच लयीत पोलादाचा ठोकळा फिरतो. दोघांमध्ये एक लांब दांडा. दांड्याची बोथट सुई शिल्पाच्या चढउतारांवरून मधून बाहेर सरकत जाते आणि दांड्यावरचं पातं तेच चढउतार पोलादात कितीतरी पटींनी लहान करून कोरतं. घाई चालत नाही. आधी जाड पातं, मग बारीक, मग आणखी बारीक; सगळं मिळून एखादा दिवस सहज जातो. पॅरिसच्या व्हिक्टर झान्व्हिएने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारून दिलेली ही रचना पुढे शतकभर टिकली. यंत्र मिशीचा केस उतरवतं, पण नजरेतली धार हरवतं; ती परत आणायला कोरकाला भिंग लावून पोलादावर बसावंच लागतं.

मग ठसा तयार होतो. त्याची सपाट पार्श्वभूमी हिऱ्याच्या लेपाने आरशासारखी घासतात आणि आकृती मुद्दाम खरखरीत ठेवतात. आधीच चकचकीत केलेल्या चकतीवर तो एकाहून अधिक वेळा दाबला की काळ्याभोर आरशावर दुधाळ चेहरा उमटतो. फ्रँकलिन मिंटची ही कारागिरी अस्सल होती. पनामा सरकारने 1971मध्ये काढलेलं वीस बाल्बोआचं जवळपास 130 ग्रॅमचं चांदीचं नाणं इथेच पडलं. मालात खोट नव्हती.

खोट होती ती ‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांत. पुढच्या मालिकांमध्ये ठरलेल्या तारखेपर्यंत जितक्या मागण्या येतील तितके संच पाडायचे आणि मग ठसे मोडायचे. म्हणजे मर्यादा कारखान्याची नव्हे, गिऱ्हाइकांच्या उत्साहाची. ज्यांना पदक हवं होतं त्या सगळ्यांकडे ते पहिल्याच दिवशी पोचलेलं असे. मग ते विकत घ्यायला उरणार कोण?

शिवाय हिशेब. कंपनीच्या अनेक लगडींवर वजन ग्रेनमध्ये असे: 1000 ग्रेन. आकडा भारदस्त वाटतो, पण ग्रॅममध्ये ते भरतं 64.8. चांदी स्टर्लिंग, म्हणजे शेकडा 92.5 कसाची, चोख चांदी साधारण 60 ग्रॅम. गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशांत ठसा, पेटी, टपाल आणि जाहिरातही होती. धनत्रयोदशीला घेतलेलं लक्ष्मीचं नाणं मोडायला गेलं की घडणावळ कुठे जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने 1978मध्ये हे सगळं पडद्यावर आणलं आणि कंपनीच्या अब्रूला धक्का बसला. मग जानेवारी 1980मध्ये चांदीचा प्रचंड साठा करणाऱ्या हंट बंधूंच्या खरेदीने चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास चढली. 1971मध्ये ती दोन डॉलरच्याही खाली होती. त्या काही आठवड्यांत ज्यांनी विकलं त्यांना नफा झाला. पदकं मात्र सरळ मुशीत गेली. मार्चअखेरीस भाव कोसळला. इतकी पदकं वितळल्यावर उरलेली दुर्मिळ व्हायला हवी होती. संख्येने झालीही असतील, पण मागणीही आटली होती, म्हणून किंमत चांदीलाच चिकटून राहिली.

अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत. 1971मध्ये अपोलो 14च्या अंतराळवीरांनी या टांकसाळीची काही पदकं चंद्राकडे नेली. परतल्यावर त्यांतली काही वितळवून ती चांदी सभासदांना द्यायच्या चिमुकल्या पदकांत मिसळली गेली. खुद्द जाऊन आलेलं, वितळलं न गेलेलं पदक लिलावात निघालं तर चांदीचा भाव कुणी विचारत नाही. नॉर्मन रॉकवेलच्या चित्रांवरून 1972मध्ये काढलेल्या बारा बालवीर पदकांनाही गिऱ्हाईक मिळतं. ते बहुधा पदकं जमवणारं नसतं. बालवीरांच्या टोप्या, बिल्ले आणि रुमाल जमवणारं असतं.