विश्लेषण : प्राचीन धर्मग्रंथांच्या शोधावरचे मुलांचे पुस्तक कसे निवडावे?

गुहा, मातीचे रांजण, दोन हजार वर्षांपूर्वीची हस्तलिखिते... मृत समुद्राच्या काठी सापडलेल्या गुंडाळ्यांची गोष्ट मुलांना आवडणारच. पण या विषयावरच्या काही पुस्तकांत खजिन्याची साहसकथा असते, तर काहींत पुराव्याच्या नावाखाली प्रवचन. मग मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

मुळात सापडले काय?

१९४६ च्या अखेरीस किंवा १९४७ च्या सुरुवातीला मृत समुद्राच्या वायव्य काठावर, कुमरानजवळच्या एका गुहेत बदाऊनी मेंढपाळांना रांजणात ठेवलेल्या गुंडाळ्या मिळाल्या. १९५६ पर्यंत अशा ११ गुहा सापडल्या. त्यांतून नऊशेहून अधिक हस्तलिखितांचे हजारो तुकडे हाती आले. बहुतेक मजकूर चामड्यावर, काही पपायरसवर आणि एक चक्क तांब्याच्या पत्र्यावर आहे. भाषा हिब्रू, अरमाईक आणि ग्रीक.

त्यांचे महत्त्व काय?

मराठी बायबलमध्ये ‘यशया’ नावाने असलेल्या ग्रंथाची येथे मिळालेली गुंडाळी सुमारे सव्वासात मीटर लांब आहे. हिब्रू बायबलच्या तोवर माहीत असलेल्या संपूर्ण प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षे जुनी. दोन्हींतला मजकूर बराचसा जुळतो, पण शब्दांत आणि शुद्धलेखनात असंख्य लहान फरक आहेत. चांगले पुस्तक या दोन्ही गोष्टी सांगते. फक्त जुळणारे किंवा फक्त वेगळे तेवढेच सांगणारे पुस्तक अर्धी गोष्ट सांगते.

पुस्तक हाती घेतल्यावर काय तपासावे?

• ‘सिद्ध झाले’ हा शब्द. हस्तलिखित किती जुने, हे अक्षराच्या वळणावरून आणि कार्बन चाचणीवरून ठरवता येते. त्यात लिहिलेली घटना घडली की नाही, हे त्यावरून ठरत नाही. हा फरक पुस्तकात स्पष्ट हवा.

• ‘असे सांगतात’ची जागा. मेंढपाळाने गुहेत दगड फेकला आणि रांजण फुटल्याचा आवाज आला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण तिच्या तपशिलांत तफावत आहे. गुंडाळ्या कोणी लिहिल्या, यावरही वाद आहे. एसीन पंथीयांनी, हे एक मत. प्रामाणिक पुस्तक ‘काही अभ्यासकांच्या मते’ असे लिहिते.

• खजिना की उत्खनन? अनेक तुकडे व्यापाऱ्यांमार्फत विकत घ्यावे लागले. चार गुंडाळ्यांची तर १९५४ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रात जाहिरात आली होती. वस्तू नेमकी कुठे, कशाशेजारी होती, ही नोंद एकदा हरवली की परत मिळत नाही. सुरुवातीच्या अभ्यासकांनी तुकडे जोडायला चिकटपट्टी वापरली आणि चामडे खराब झाले. अशा चुका सांगणारे पुस्तक मुलांना शास्त्र शिकवते.

• प्रकाशनाचे वर्ष. वॉशिंग्टनच्या ‘म्युझियम ऑफ द बायबल’मधील या गुंडाळ्यांचे म्हणून ठेवलेले सर्व १६ तुकडे बनावट असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. जुन्या पुस्तकात हे नसणार. पालकांनी ते सांगावे.

• चित्रे. छायाचित्र मूळ वस्तूचे आहे, प्रतिकृतीचे की चित्रकाराच्या कल्पनेचे, हे लिहिलेले असावे. शेजारी मोजपट्टी असेल तर उत्तमच.

कोणत्या वयाला काय?

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना शाई, चामडे, गुंडाळी उलगडण्याची कसरत यांत रस असतो. नऊ-दहानंतर ‘हे कशावरून कळले?’ हा प्रश्न सुरू होतो. त्याला उत्तर देणारे पुस्तक निवडावे. बाराच्या पुढे, कुमरान वेस्ट बँकमध्ये आहे आणि या ठेव्याच्या मालकीवर वाद आहे, हेही मुले समजू शकतात.

श्रद्धेचे काय?

हे ग्रंथ आजही कोणाचे तरी धर्मग्रंथ आहेत. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाच्या सिनेगॉगमध्ये तोराहची हस्तलिखित गुंडाळीच वाचली जाते. त्यामुळे थट्टेचा सूर नको आणि उपदेशाचाही नको. घरातल्या पोथीबद्दल कोणी ज्या भाषेत लिहिलेले चालेल, तीच भाषा येथेही असावी.

विकत घेण्याआधी...

यशयाची ही गुंडाळी जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमने इंटरनेटवर मोफत पाहण्यासाठी ठेवली आहे. ती मुलांना मोबाइलवर आधी दाखवावी. त्यांना पडलेले प्रश्न कागदावर लिहून दुकानात न्यावेत आणि त्यांतल्या निदान दोन-तीन प्रश्नांची उत्तरे देणारे पुस्तक घ्यावे.